नाताळचं क्राफ्ट मुलांच्याच हातून होऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की मुंबईतल्या ज्युनियर-सिनियर केजीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो आणि तो सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. मुलाला लाल कपड्यात पाठवा, सोबत कापसाचा स्नोमॅन किंवा सजवलेलं ख्रिसमस ट्री द्या, जमलं तर कपकेक. मग आई ऑफिसमधून येताना वाकडी वाट करून क्रॉफर्ड मार्केट गाठते नाहीतर ऑनलाइन तयार किट मागवते, रात्री जेवणं आटपल्यावर बाबा ग्लू गन घेऊन बसतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते चार वर्षांचं पोर केव्हाच झोपलेलं असतं. सकाळी ते डोळे चोळत उठतं, तयार वस्तू हातात घेऊन शाळेत जातं, तिथे फोटो निघतो आणि संपलं.

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे, राहते माहीमला. आमच्या भागात दिवाळीचे कंदील उतरले की थोड्याच दिवसात खिडक्यांमध्ये चांदण्या लागतात त्यामुळे नाताळ आम्हाला परका कधीच नव्हता. म्हणून मनापासून लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू वेडीवाकडी होऊ दे पण ती मुलाने केलेली असू दे, आणि त्यासाठी लागणारं सामान बर्फाच्या देशातून आणायची गरज नाही, ते मुंबईच्या डिसेंबरात आपल्या आसपास भरपूर आहे.

बर्फाचंच बघा ना. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ चं. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो फ्रीजमधला आणि गोळेवाल्याकडचा. आणि मूळ गोष्टीत तरी बर्फ कुठे आहे, बेथलेहेमच्या माळावर मेंढपाळ रात्री उघड्यावर मेंढरं राखत बसलेत अशी ती गोष्ट. सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भूमध्य समुद्राचा किनारा. समुद्रकाठचा माणूस तो. तेव्हा थर्माकोलचे दाणे पसरून केलेला बर्फ नसला तर नाताळ होत नाही असं काही नाही, आणि सजावटीच्या थर्माकोलवर तर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, त्या वर्षी गणपतीच्या मखरांनाही सूट मिळाली नव्हती. मग केजीच्या मुलाकडून तीच वस्तू कशाला मागवायची.

आता करायचं काय ते सांगते, कारण नुसतं हे नको ते नको म्हणून भागत नाही.

पहिलं म्हणजे गोठा. वसईला, उत्तनला, गोराईला आणि मुंबईतल्या जुन्या गावठाणांमध्ये डिसेंबरात पोरं मिळून येशूजन्माचा गोठा करतात. ही पद्धत संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात सुरू केली असं मानतात, त्यांनी खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव उभं करून लोकांना तो प्रसंग दाखवला होता. आपल्याकडची मुलं दिवाळीत किल्ला करतात ना, तेच हात इथेही चालतात. माती कालवायची, दगड रचायचे, डोंगर करायचा, पुठ्ठ्याचं छप्पर, वर खराट्याच्या काड्या. किल्ल्यावर आपण अळीव नाहीतर मोहरी पेरतो तशी गोठ्याभोवती हिरवळ करायला नाचणी पेरतात. नाचणी रात्रभर भिजत घालायची, पसरट ताटलीत नाहीतर मिठाईच्या खोक्यात प्लॅस्टिक अंथरून दोन बोटं माती घालायची, दाणे पसरायचे, वर ओलं फडकं. दोन-तीन दिवसात मोड दिसतात, मग फडकं काढून उजेडात ठेवायचं आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसात मस्त कोवळी हिरवळ होते. म्हणजे १४ डिसेंबरच्या आसपास पेरली की २४ ला तयार. नवरात्रात घटाखाली धान्य पेरलेलं ज्या मुलाने पाहिलंय त्याला हे लगेच कळतं, ते स्वतःच म्हणतं की हे तर आजीच्या घटासारखं आहे.

आणि तीन वर्षांच्या मुलासाठी याच्याइतकी चांगली ॲक्टिव्हिटी मला तरी माहीत नाही. दाणे चिमटीत धरणं, मोजकं पाणी घालणं, रोज उठून बघणं, वाट पाहणं. काही मुलं पहिल्या दिवशी इतकं पाणी ओततात की सगळं कुजतं, तर कुजू दे, थोडे दाणे बाजूला ठेवलेले असावेत म्हणजे परत पेरता येतं. जनावरं शाडूच्या मातीची करा. मुलाने केलेल्या गाईला कधी तीनच पाय असतात आणि मेंढी बटाट्याच्या आकाराची होते, तिथे मोठ्यांनी हात घालून सुधारायला जाऊ नये ही माझी हात जोडून विनंती आहे. बाळाची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, जागा रिकामी ठेवतात, ही गोष्ट मुलांना फार आवडते, रोज येऊन बघतात की आलं का बाळ.

वाट बघण्यावरून एक आठवलं. चार मेणबत्त्यांचं ते हिरवं ॲडव्हेंटचं, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचं, चक्र चर्चमध्ये दिसतं ना, त्याचा उगमच मुलांच्या प्रश्नातून झालाय असं सांगतात. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विचर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळला किती दिवस राहिले, म्हणून त्यांनी १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक छोटी आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या लावल्या. मुलं मोजायला लागली. आपल्या घरात लहान मुलासमोर मेणबत्त्या नकोत पण काडेपेट्या चालतात. रिकाम्या २४ काडेपेट्या एकमेकींना चिकटवा, प्रत्येकीवर मुलाकडून आकडा लिहून घ्या, उलटा आला तरी असू दे, आणि आत रोज एक चिठ्ठी. चॉकलेटच पाहिजे असं नाही, आज आजोबांना फोन करायचा, आज गुळाचा खडा खायचा, आज वॉचमन काकांसाठी चित्र काढायचं, असं काहीही. दोन नाताळात २४ पर्यंतचे अंक आपोआप पक्के होतात.

आता चांदणी. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जे कारागीर बसतात त्यांचं काम मुलांना नुसतं उभं राहून बघू द्या, कारण नाताळची चांदणी त्याच कामट्यांची आणि त्याच पतंगी कागदाची होते. दहा सारख्या लांबीच्या कामट्या घ्यायच्या, पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची, आणि मग मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी पेराएवढ्या काड्या खोचायच्या. खोचल्या की सपाट चांदणी फुगून उभी राहते. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एवढं बांधकाम सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मदतीने जमतं. त्याहून लहानांना आइस्क्रीमच्या पाच काड्यांची सपाट चांदणी पुरे, तिला रंगीत दोरा गुंडाळायचा, कसाही. कागद चिकटवायला घरीच खळ करा, मैद्यात पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायची, बस. जुनी माणसं खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची, ते मात्र मुलांच्या हातात जाणार असेल तर अजिबात घालू नका, विष आहे ते. आणि ग्लिटरही नको, ते मायक्रोप्लॅस्टिक आहे, डोळ्यात जातं, नाल्यातून समुद्रात जातं, युरोपात २०२३ मध्ये सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंधनं आली. चमकच पाहिजे तर चॉकलेटच्या चांद्या जपून ठेवा.

खाण्याच्या बाबतीत तर आपण मुंबईकर नशीबवान आहोत. ईस्ट इंडियन हा ख्रिस्ती समाज इथला मूळचा, घरात मराठीच बोलणारा, त्यांच्या बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना १८८७ ची. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रणवार, आणि इकडे वसईची गावं, या सगळीकडे नाताळचा फराळ घरी होतो. त्यातल्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. पेरूची वडी असते, आणि पेरू नेमका थंडीतच चांगला मिळतो. मार्झिपान ही मिठाई बाहेर बदामाची करतात, आपल्याकडे बऱ्याच घरी काजूची होते. पण लहान मुलांसाठी सगळ्यात भारी काय असेल तर कुलकुल, म्हणजे शिंपल्यासारखा वळलेला गोड तळलेला खाऊ. आमच्या शेजारच्या आंटी डिसेंबरात एका दुपारी टेबलावर स्वच्छ चादर अंथरायच्या आणि मजल्यावरच्या सगळ्या पोरांना बोलवायच्या, त्यात आमची मुलंही असायची, कोणी कुठल्या धर्माचं हे त्या टेबलावर कधी कुणी बघितलं नाही.

कृती सोपी आहे. अर्धा किलो मैदा, दोन-तीन चमचे रवा, एक अंडं (नको असेल तर सोडून द्या), दोन चमचे कडकडीत तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि मळण्यापुरतं नारळाचं दूध. शंकरपाळ्यांच्या पिठाइतपत घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचं. इथपर्यंत मोठ्यांचं काम. पुढचं सगळं मुलांचं. वाटाण्यापेक्षा जरा मोठी गोळी करायची, तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या कंगव्यावर ठेवायची, अंगठ्याने दाबून पातळ करायची आणि पुढे ढकलत गुंडाळायची की शिंपल्यासारखी नक्षी उमटते. शेवटची कड चिमटीने दाबायला सांगा नाहीतर तेलात उलगडते, आणि जाड राहिली तर आतून कच्ची राहते म्हणून पातळ दाबायची. तळणं अर्थातच मोठ्यांनी, मुलं दुसऱ्या खोलीत. गार झाल्यावर साखरेच्या पाकात घोळवा किंवा तशीच डब्यात भरा, दोन-तीन आठवडे टिकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ज्या पद्धतीने कुलकुलवर काम करतं ना, नेमकी तीच बोटं उद्या पेन्सिल धरायला लागतात. हे मी पालकसभेत ओरडून सांगायचे. मुलाला लवकर लिहायला बसवू नका, त्याला पीठ द्या.

यात मी काही नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे त्यांनी शिंपले, बिया, गोटे, पानं, माती अशा आसपासच्या वस्तूंतून मुलांची शैक्षणिक साधनं तयार केली. विकतचं महागडं सामान परवडत नाही म्हणून मूल शिकायचं थांबत नाही हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर करून दाखवलं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानलाय आणि तिथे खेळातून, कृतीतून शिकणं असंच म्हटलंय. आणि आमच्याच जवळची एक शाळा, नाव घेत नाही, दरवर्षी बेस्ट ख्रिसमस ट्रीला बक्षीस देते, आणि ते कायम ज्याच्या आईबाबांचं काम सगळ्यात सफाईदार त्यालाच मिळतं. माझ्या नातीने स्वतः केलेलं झाड, म्हणजे सुकलेल्या आंब्याच्या पानांना हिरवा रंग देऊन चिकटवलेलं, ते टेबलाच्या मागच्या बाजूला ठेवलं होतं. ती पोरगी घरी येऊन मला विचारते, आजी माझं पुढे का नाही ठेवलं. काय उत्तर देणार? शाळांनी ही बक्षिसं बंद करावीत असं माझं ठाम मत आहे. सामान शाळेतच ठेवा, अर्धा तास द्या, मुलं करतील, आणि जे होईल ते सगळं एकाच दोरीवर टांगा.

काळजीच्या दोन-चार गोष्टी मात्र सांगायलाच पाहिजेत. लुकलुकणाऱ्या सांताच्या टोप्या, छोटे एलईडी दिवे यात बटणासारखे चपटे सेल असतात, ते मुलाने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासात आतून भाजायला सुरुवात होते, तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल. त्या सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू घेऊच नका. कापसाची दाढी आणि पेटती मेणबत्ती एका खोलीत नको. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू, दाणे देऊ नका, केकमध्येही बारीक कूट करून घाला, आणि केकचा सुकामेवा रममध्येच भिजला पाहिजे असं नाही, संत्र्याच्या रसात छान भिजतो. शिवाय दोन वर्षांची मुलं मुखवट्याला घाबरतात. रडणाऱ्या मुलाला फोटोसाठी सांताच्या मांडीवर कोंबू नका, प्लीज.

संत्र्यावरून सांगायचं राहिलं. नागपूरची संत्री या दिवसात बाजारात असतात, सालं सहज सुटतात, सालाचे चांदण्या-चंद्र कापून दोऱ्यात ओवून उन्हात वाळवले की दोन-तीन दिवसात कडक होतात आणि घरभर वास सुटतो. अख्ख्या संत्र्याला लवंगा टोचण्याची युरोपात जुनी पद्धत आहे, तेही करून बघा, फक्त भोकं आधी टूथपिकने मोठ्यांनी पाडून द्यावीत, लवंग बोटाला टोचते. लवंगा महाग पडतात, त्यामुळे नुसता एक पट्टा केला तरी चालतं.

आणि नाताळ झाला म्हणजे थंडी संपत नाही. पुढे संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाण आहेच, काळे कपडे, हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे आणि बोरं. तिथेही दागिने तयार आणण्यापेक्षा मोठ्या भावंडांना हलवा दोऱ्यावर चिकटवायला बसवा, बाळाचा मुकुट दादाने केलेला असला की दादाही त्या समारंभात असतो. बोरं, उसाचे करवे, हरभरे हे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत एवढं कोणीतरी बघत राहायचं. सुट्टीत एखाद्या सकाळी चौपाटीवर सीगल बघायला न्या पण त्यांना शेव-गाठ्या घालू नका, पाखरांसाठी ते खाणं नाही. फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत येतात, ऐरोलीहून बोटीतून बघता येतात, पण फारच लहान मुलं बोटीत कंटाळतात, सहाच्या पुढची ठीक. आणि गोठे बघायला वसईची लोकल पकडा, तिथून बसने निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी या बाजूला गेलात तर रस्त्याने गोठे दिसतात, लोक प्रेमाने बोलवतात, मुलं थांबून तासन्‌तास बघतात की विहिरीत पाणी खरं आहे का.

शाळांना एक सुचवते. वर्गात ज्या मुलांच्या घरी नाताळ होतो त्यांच्या आज्यांना बोलवा. एखादी वसईची आजी येऊन आपल्या बोलीत, मग ती सामवेदी असो की वाडवळी, त्यांच्याकडे गोठा कसा करायचे ते सांगेल, कुलकुल वळून दाखवेल. त्याला पैसे लागत नाहीत. आमच्या बालवाडीत आम्ही हे करत असू आणि पुढे दिवाळीत त्याच मुलांच्या घरी आमच्याकडच्या चकल्यांचे डबे जायचे.

शेवटी तुम्हाला एक विनंती. डिसेंबरात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत प्लम केक आणि सांता कुकीजच्या कृती येतात, त्या जरूर छापा, पण छापताना कुठलं काम मुलाचं आणि कुठलं मोठ्यांचं हे वेगवेगळं लिहा, आणि किती वर्षांच्या मुलाला जमेल तेही. चांदणीच्या दहा कामट्या कशा बांधायच्या त्याची एखादी आकृतीही द्या, शब्दात सांगून ते नीट कळत नाही. आणि हे १० डिसेंबरच्या आत यावं, कारण २० तारखेनंतर छापलंत तर नाचणी उगवायला वेळच राहत नाही.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
माहीम, मुंबई